शाखा चालवणारी माणसं

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘बिनपगारी’ असा विषय दिला आणि मी नांदेड-लातूरकडच्या नाट्यसंस्थांकडे वळले. या भागात नाटक हा धंदा नाही. मुंबई-पुण्यासारख्या व्यावसायिक निर्मितीसंस्था इथं नाहीत, आणि विदर्भातल्या झाडीपट्टीसारखी, हंगामभर तिकीट लावून गावोगाव फिरणारी मंडळंही नाहीत. तरीही नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात आणि कुसुम सभागृहात हौशी संघांची नाटकं होत राहतात. लातूरला दयानंद सभागृहात प्रयोग लागतात. एकांकिका होतात, बालनाट्यं होतात, पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नटराजपूजन होतं. हे सगळं घडवणारी माणसं मंचावर दिसत नाहीत. ती तिकिटाच्या टेबलामागे असतात, नाहीतर जनरेटरपाशी, नाहीतर धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असतात.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, कोषाध्यक्ष अशी पदं त्यांच्या नावापुढे लागतात. लग्नपत्रिकेत ती छापून येतात आणि गावात मानही मिळतो. पण पगार नाही, प्रवासभत्ता नाही, आणि चुकलं तर सगळ्यांचं बोट त्यांच्याकडे.

कंधारात तालीम

सुरुवात कंधारपासून केली. जिल्ह्याच्या ठिकाणी संस्था डोळ्यांत भरतात, पण त्या किती खोल गेल्या आहेत ते तालुक्याच्या गावी कळतं. नांदेडहून लोह्यामार्गे पन्नासेक किलोमीटर. रेल्वे नाही, येणंजाणं एसटीनं नाहीतर खासगी जीपनं.

गाव जुनं आहे. राष्ट्रकूटांच्या काळात ते मोठं नगर होतं. इथला भुईकोट किल्ला तिसऱ्या कृष्णाच्या नावाशी जोडला जातो. रुंद खंदक, जगत्तुंग सागराचा तलाव, जवळून वाहणारी मन्याड, आणि क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे उरलेले तुकडे. त्यातली नुसती पावलं पाहिली तरी मूळ मूर्ती केवढी असेल या विचारानं माणूस थबकतो. हाजी सय्याह यांचा दर्गा इथलाच, त्याच्या उरुसाला लांबून माणसं येतात. शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, आणि रात्ररात्र चालणारे तमाशाचे फड. म्हणजे हा मुलूख बघ्यांचा आहे, रसिकांचा आहे. हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत वग बघतात. प्रेक्षक नाही ही तक्रार या भागानं तरी करू नये.

तंबूतल्या त्या प्रेक्षकाला नाट्यगृहाच्या खुर्चीत कसं आणायचं, ही अडचण वेगळी आहे. तालुक्याच्या गावी दिव्यांच्या बारांसह, विंगांसह सज्ज असं भाड्यानं मिळणारं नाट्यगृह मराठवाड्यात दुर्मीळच. म्हणून नाटक जागा मिळेल तिथं होतं. शाळेचं मैदान, मंगल कार्यालय, गणपतीचा मंडप, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा मंच.

तालीम शाळेत होते. संध्याकाळी वर्ग सुटले की बाकडी मागच्या भिंतीला लावायची आणि रात्री परत जागच्या जागी ठेवायची, कारण सकाळी सातला मुलं येणार. फळ्यावर गणित तसंच असतं, ते पुसायचं नाही, असा दंडक. मी बघितलेल्या तालमीत दिग्दर्शक एका कोपऱ्यात नटांना हालचाली देत होता, आणि दाराशी एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे ना संहिता, ना भूमिका. वर्गाची किल्ली त्यांच्या खिशात होती, कारण मुख्याध्यापकांनी ती त्यांच्याच शब्दावर दिली होती. कोणत्या मुलीला किती वाजता घरी सोडायचं, कोण कुणाच्या गाडीवर जाणार, कुणाची शेवटची एसटी किती वाजता, हे सगळं त्यांना तोंडपाठ. तालमीला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी ते आधी जाऊन बसतात, चहा घेतात, वडिलांशी, आजीशी बोलतात. शाळामास्तर म्हणून गावात जे नाव आहे ते ते इथं तारण ठेवतात. मुलीला उशीर झाला, गावात काही बोललं गेलं, तर नाटक बंद पडेल आणि मास्तरांचं नावही जाईल. नेपथ्याला पैसे कमी पडले तर कुणीतरी देतं, पण ही हमी दुसरं कुणी देऊ शकत नाही. संस्थेचं नेतृत्व म्हणजे काय, हे मला पदांच्या यादीपेक्षा त्या दारात जास्त नीट कळलं.

असे बहुतेक कार्यकर्ते शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले, एसटीतले, वीज मंडळातले, जिल्हा परिषदेतले कर्मचारी, किंवा वकील. यामागेही इतिहास आहे.

शाळेच्या पोटी जन्मलेलं नाटक

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशान तिरपन्न’ या फर्मानाची टांगती तलवार होती, चार माणसं जमवायची तर सरकारची परवानगी. सरकारी शाळांतलं वरचं शिक्षण उर्दूतून. अशा मुलखात मराठी माणूस एकत्र येई तो वाचनालयात, कीर्तनात, गणेशोत्सवातल्या मेळ्यांत आणि आर्य समाजाच्या बैठकांत. मेळ्यात पदं असत, संवाद असत, सोंगं असत. परवानगी देवाच्या उत्सवाला मिळे आणि त्या आडोशानं बाकीचंही थोडंफार बोलून होई. मंच आणि संघटना या दोन गोष्टी इथल्या लोकांनी एकाच वेळी, एकाच जागी शिकून घेतल्या.

स्वातंत्र्य आल्यावर आधी शाळा निघाल्या. कंधारात १९४८ मध्ये श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, ती भाई केशवराव धोंडगे यांच्या पुढाकारानं. शेतकरी कामगार पक्षाचा हा कडवा कार्यकर्ता पुढे अनेकदा आमदार झाला, १९७७ मध्ये नांदेडचा खासदार झाला, आणीबाणीत तुरुंगात गेला आणि शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ रोजी गेला. त्यांनी ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालवलं, आणि गुराख्यांसाठी साहित्य संमेलन भरवलं, तेही उघड्या माळावर, गुराखीगडावर. ढोरं राखणाऱ्याला साहित्याच्या मंचावर मान द्यायचा ही कल्पनाच या मातीतली. मंडप, माणसं, वर्गणी, वक्ते यांची जुळवाजुळव करण्याचं बाळकडू कंधारच्या दोन-तीन पिढ्यांना अशा उपक्रमांतून मिळालं. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांच्या परिवारातली माणसं होती.

म्हणून मराठवाड्यातलं हौशी नाटक हे शिक्षणसंस्थांचं अपत्य आहे. तिथलीच सभागृहं, तिथलेच मास्तर, तिथलीच मुलं. याचा फायदा म्हणजे शिस्त, आणि समाजाचा विश्वास. तोटाही आहे, तो मी पुढे सांगणार आहे.

विचार देणारे

नांदेडच्या नाट्यसंस्थांबद्दल बोलताना नरहर कुरुंदकरांना टाळून पुढे जाता येत नाही. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. १९८२ च्या फेब्रुवारीत, पन्नाशीही गाठायच्या आत, औरंगाबादच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले. त्यांनी ना नाटक मंडळी काढली, ना नाटकाचा धंदा केला. पण भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांनी मराठीत जे मूलगामी लिहिलं, ते नांदेडसारख्या, तेव्हा चांगलं सभागृहही नसलेल्या गावात बसून. रसचर्चा ही पुण्या-मुंबईचीच मिरास नाही, हा विश्वास त्यांच्यामुळे इथल्या तरुणांना आला. आजही नांदेडच्या नाटकवाल्या मंडळींत प्रयोगानंतरची चर्चा लांबते आणि ती नुसत्या ‘छान झालं’वर थांबत नाही. यात कुरुंदकरांचा वारसा आहे असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं नाव दत्ता भगत यांचं. नांदेड जिल्ह्यातला हा नाटककार दलित रंगभूमीचा खंदा आधार. ‘आवर्त’, ‘वाटा-पळवाटा’, ‘अश्मक’ ही त्यांची नाटकं. चळवळीतल्या माणसांचे आपसातले मतभेद, आरक्षण, पिढ्यांमधलं अंतर असे विषय त्यांनी घोषणा न देता, माणसांच्या घरातून मांडले. नाट्यसंस्थेचं व्यासपीठ कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या पिढीनं मराठवाड्यात उघडपणे विचारला. सवर्ण मास्तरांच्या स्नेहसंमेलनी वर्तुळातून नाटक वस्तीत आलं, आणि वस्तीतून परत प्रेक्षागृहात गेलं, ते अशा विचारण्यामुळे.

पुढे विद्यापीठांनी हात दिला. औरंगाबादच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि ‘जिगीषा’सारख्या गटातून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नावं महाराष्ट्रभर गेली. बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आलं. त्याच्या युवक महोत्सवात प्रहसन, मूकाभिनय, एकांकिका करणारी पोरं अहमदपूर, मुखेड, कंधार, उदगीर अशा गावांतून येतात. स्पर्धा संपते, मुलं पदवी घेतात, आणि त्यातली गुणी पोरं पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. त्यात वावगं काही नाही. पण गाव सोडून न जाणारा जो एखादा उरतो, तोच दहा वर्षांनी नाट्य परिषदेच्या शाखेचा कार्यवाह होतो.

परिषद वरून आणि खालून

अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद ही या सगळ्यांची मातृसंस्था. पहिलं नाट्यसंमेलन १९०५ मध्ये मुंबईत झालं, अध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. आज मध्यवर्ती कार्यालय माटुंग्याच्या नाट्यसंकुलात आहे. महाराष्ट्रभर आणि बाहेरही शाखा आहेत. सभासद मतदान करून नियामक मंडळ निवडतात, आणि साठ जणांचं ते मंडळ अध्यक्ष निवडतं. २०२३ च्या निवडणुकीनंतर प्रशांत दामले अध्यक्ष झाले. मार्च २०२० मध्ये सांगलीहून निघणारं शंभरावं संमेलन करोनानं अडवलं. ते अखेर जानेवारी २०२४ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवडला झालं, आणि मग त्याचे विभागीय सोहळे बीड, लातूरसह निरनिराळ्या शहरांत झाले.

या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. शाखेच्या पातळीवर परिषद म्हणजे वेगळं काही असतं. सभासद नोंदवायचे, त्यांचे पत्ते ताजे ठेवायचे, कारण मतपत्रिकेच्या वेळी जुना पत्ता निघाला तर भांडण शाखेशी. रंगभूमी दिनाला पूजन करायचं आणि एखाद्या ज्येष्ठाचा सत्कार. सत्तावीस मार्चला जागतिक रंगभूमी दिन, त्याला व्याख्यान. मुंबईहून व्यावसायिक नाटक आलं की त्यांच्या व्यवस्थापकाला हॉल, तिकीटविक्री, हमाल, मुक्काम यांसाठी स्थानिक आधार लागतो, तोही शाखेनंच द्यायचा.

संमेलन गावात आलं तर विचारायलाच नको. २००९ ला बीडला नाट्यसंमेलन झालं, अध्यक्ष रामदास कामत. २०१७ ला उस्मानाबादला, अध्यक्ष जयंत सावरकर. दुष्काळानं पिचलेले हे दोन्ही जिल्हे. अशा ठिकाणी संमेलन उभं करायचं म्हणजे साखर कारखान्याच्या अध्यक्षापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या दारी जाणं आलं. स्वागताध्यक्ष हा बहुतेक वेळा राजकारणी असतो, त्याशिवाय मंडप उभा राहत नाही. त्याचा मान ठेवायचा आणि मंच मात्र त्याच्या पक्षाचा होऊ द्यायचा नाही, ही कसरत कार्यवाहाची. ती जमलेले कार्यवाह मराठवाड्यात आहेत. न जमल्याचीही उदाहरणं आहेत, आणि त्यांची किंमत संस्थांनी पुढे कित्येक वर्षं मोजली.

मध्यवर्ती संस्थेतही भांडणं झालीच. करोनाच्या काळात पदाधिकाऱ्यांमधला वाद धर्मादाय आयुक्तांपर्यंत गेला. वाद मुंबईत होतात, पण त्यांची झळ खाली लागते. इथल्या कार्यवाहाला वर्गणी मागताना लोक विचारतात, ‘तुमच्यात तर भांडणं चाललीत म्हणं?’ उत्तर त्यानं द्यायचं, ज्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही.

कागद

नाटकवाल्यांना सर्वांत कमी आवडणारं आणि संस्थेला सर्वांत जास्त लागणारं काम कागदाचं. हौशी संस्था नोंदवायची ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. त्याखेरीज राज्य नाट्य स्पर्धेत उतरता येत नाही, अनुदान मिळत नाही, बँकेत खातं निघत नाही. नोंदणी उत्साहात होते. खरी गोम पुढे आहे.

कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. गावात त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, जुन्या विश्वस्तांची संमती, नव्यांची ओळखपत्रं हे सगळं त्यासोबत. एखादा जुना सदस्य वारला असेल तर मृत्यूचा दाखला, रुसून बसला असेल तर त्याची मनधरणी. तो अर्ज राहून गेला की पुढच्या निवडीची नोंदही अडते. मग कागदोपत्री अध्यक्ष म्हणून वीस वर्षांपूर्वी वारलेला माणूसच चालू राहतो आणि बँक धनादेश परत पाठवते. दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशोब दाखल करायचा. सनदी लेखापाल ओळखीचा असेल तर फुकट करून देतो, नसेल तर कोषाध्यक्ष खिशात हात घालतो.

मंडपवाला पावती देत नाही, रंगभूषाकार पावती देत नाही, नेपथ्याचे फ्लॅट वाहून नेणारा ‘छोटा हत्ती’वाला तर नाहीच नाही. कोषाध्यक्ष रात्री बसून कोऱ्या व्हाउचरवर सह्या गोळा करतो. मी पाहिलेल्या एका संस्थेच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात चहाच्या हिशोबाची चिठ्ठीसुद्धा टाचणीनं लावलेली होती. या माणसाला रसिक ओळखत नाहीत. पण ज्या संस्थेचा कोषाध्यक्ष असा आहे ती टिकली आणि ज्या संस्थेकडे नुसतेच गुणी नट होते ती विरून गेली, हे या भागात वारंवार घडलेलं आहे.

कलाकारांच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचा एक कागद आहे. वृद्ध कलावंतांना राज्य सरकारचं मानधन मिळतं. २०२४ पासून या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि रक्कम महिना पाच हजार रुपये. वय पन्नासच्या पुढे हवं, कलेत घालवलेल्या वर्षांचे पुरावे हवेत, उत्पन्नाचा दाखला हवा. आता माळेगावच्या यात्रेत तीस वर्षं जागरण घातलेल्या वाघ्याकडे कसला पुरावा असणार? त्याचा फोटो कुणी काढला नाही, बातमी कुणी छापली नाही. सोंगी भजनात उभ्या आयुष्यात राधा केलेल्या म्हाताऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार? इथं शाखेच्या कार्यकर्त्यानं त्याच्या गावी जाऊन, सरपंचाचं पत्र मिळवून, जुन्या हँडबिलाचा तुकडा शोधून अर्ज भरून दिला तर पाच हजार सुरू होतात. नाही दिला तर होत नाहीत. नाट्यसंस्थांनी वर्षभरात किती नाटकं केली यापेक्षा असे किती अर्ज भरले, हे मी आधी विचारते.

स्पर्धेचे दिवस

राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा साठी ओलांडलेली आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये पहिल्यांदा उभं राहिलं ते याच स्पर्धेत. दिवाळी सरली की प्राथमिक फेरीची धांदल सुरू होते. नांदेड हे तिचं जुनं केंद्र. लातूर, परभणीचीही नावं त्यात असतात. संघ कमी पडले की केंद्र दुसरीकडे जाईल ही धास्ती असते, म्हणून चांगला समन्वयक ऑगस्टपासूनच गावोगाव फोन लावतो. संहिता ठरली का? लेखकाचं परवानगीपत्र आलं का? रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का? कंधार-मुखेडकडचा नवा संघ या तीन प्रश्नांतच गळतो. त्याला तिथं धरून ठेवणारं कुणी असेल तर स्पर्धेत एक नाटक वाढतं.

स्पर्धेच्या दिवशी संघ सकाळीच टेम्पोतून उतरतो. लेव्हल, फ्लॅट, चौकटी, एखादं खरं दार. दुपारपर्यंत नेपथ्य लागतं, मग प्रकाशयोजना. तालुक्याहून आलेल्या पोरांनी तालीम शाळेच्या ट्यूबलाइटखाली केलेली असते, स्पॉटमध्ये नेमकं उभं कुठं राहायचं हे त्यांना पहिल्यांदाच त्या दुपारी कळतं. मग प्रेक्षागृहातला जाणता कार्यकर्ता मंचावर खडूनं फुल्या मारून देतो. नांदेडच्या प्रेक्षागृहात मी हे पाहिलं आणि मला ते फार मोलाचं वाटलं, कारण तो स्वतः दुसऱ्या संघातून याच स्पर्धेत उतरणार होता.

परीक्षक तिघं. नंदीग्राम किंवा देवगिरी एक्सप्रेसनं उतरतात. त्यांना आणायचं, त्यांच्या पथ्याचं जेवण बघायचं, आणि त्यांच्याशी कुठल्याही संघाच्या माणसानं बोलू नये यावर डोळा ठेवायचा. लाइट गेली तर जनरेटर. समोरच्या मंगल कार्यालयात वरातीचा डीजे सुरू झाला तर नवरदेवाच्या मामाला गाठून हात जोडायचे. निकाल लागला की ज्यांचा नंबर येत नाही ते समन्वयकाशी वर्षभर बोलत नाहीत. पुढच्या ऑगस्टला तोच त्यांना पहिला फोन करतो.

प्रेक्षक मात्र रोडावला आहे. संघाचे नातेवाईक, दुसऱ्या संघांतले नट, काही निवृत्त शिक्षक आणि पहिल्या रांगेत परीक्षक. मागच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. तिकीट चहा-भज्यांच्या किमतीत मिळतं, तरीही. माळेगावच्या थंडीत पहाटेपर्यंत बसणारा माणूस इथं का येत नाही, याचं प्रामाणिक उत्तर असं की त्याला कुणी बोलावलंच नाही. जाहिरात नाट्यसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटातून गटातच फिरते.

दुष्काळ, पूर आणि वर्गणी

या संस्थांचा अर्थसंकल्प आभाळावर ठरतो. सोयाबीनला भाव असला की बाजारपेठ वर्गणी देते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या शहरात घागरभर पाण्यासाठी रांगा लागल्या होत्या तिथं नाटकाची पावती कुणापुढे धरायची? ऑगस्ट २०२५ मध्ये कंधारच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात पुरानं गावं वेढली, सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाडाभर उभं पीक गेलं. अशा वर्षी पावतीपुस्तक कपाटातच राहतं. मदतफेरीला मात्र हेच कार्यकर्ते पुढे असतात, कारण माणसं जमवायची आणि पै-पैचा हिशोब ठेवायचा सराव गावात त्यांनाच असतो.

दुसरी फळी

आता तोट्याबद्दल. शाळेच्या पोटी जन्मलेल्या संस्थेत मुख्याध्यापकी शिरते. एकच माणूस पंचवीस-तीस वर्षं कार्यवाह. त्यानं संस्था जगवली, हे शंभर टक्के खरं. पण किल्ली, शिक्का, चेकबुक, सभासदांची वही सगळं त्याच्याच घरी. तो आजारी पडला की संस्था आजारी. तरुण पोरं सतरंज्या उचलायला, निर्णयाला मोठी माणसं. पोरं दोन वर्षं सतरंज्या उचलतात आणि मग आपला वेगळा ग्रुप काढतात. तो नोंदणीकृत नसतो, म्हणून स्पर्धेत जुन्याच संस्थेच्या नावानं उतरतो, आणि बक्षीस मिळालं की ते कुणाचं यावरून भांडण.

बायकांचं तर त्याहून बिकट. मंचावर स्त्री भूमिका करायला मुलगी हवी म्हणून सगळे धडपडतात. पण कार्यकारिणीच्या यादीत बाईचं नाव शोधावं लागतं, आणि सापडलं तर ते बहुधा सदस्य म्हणून, नाहीतर रांगोळी-स्वागताच्या समितीत. ज्या संस्थेची कोषाध्यक्ष बाई आहे किंवा तालमीची जबाबदारी जिथं बाईकडे आहे, तिथं मुली टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या घरी जाऊन हमी द्यायला तिला जास्त बोलावं लागत नाही.

नांदेड-लातूरकडच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांचं ऋण मी मानते. त्यांनी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून नाटकं उभी केली, घरच्यांची बोलणी खाल्ली. म्हणूनच त्यांना स्पष्ट सांगायला हवं. दोन मुदतींनंतर पद सोडा आणि खुर्चीच्या शेजारी बसा. बदल अर्ज कसा भरायचा, संचालनालयात कुणाला फोन करायचा, मंडपवाल्याशी घासाघीस कशी करायची हे पंचविशीतल्या पोराला आणि पोरीला हाताला धरून शिकवा. बँकेतली एक सही तिशीच्या आतल्या माणसाची ठेवा. शाखेची एक सभा दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर घ्या. कंधारला घ्या, औराद शहाजानीला घ्या, किनवटला घ्या. नगरपालिकांनी कोट्यवधींच्या नाट्यगृहाचं भूमिपूजन करण्याआधी दोनशे माणसं बसतील असा एक पक्का मंच, आठ-दहा दिवे आणि तालमीची एक खोली द्यावी. तालुक्याला एवढं पुरतं.

आणि वाचकहो, तुम्ही नांदेडचे असा की लातूरचे, दिवाळी झाली की राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागेल. तारखा वर्तमानपत्रात येतील, नाही आल्या तर प्रेक्षागृहात चौकशी करा. घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढा, शेजाऱ्याला सोबत न्या. आणि मध्यंतरात तिकिटाच्या टेबलामागच्या माणसाला विचारा, संस्थेला कशाची गरज आहे. तो सांगेल ते तुम्हाला झेपण्यासारखं असेल.